डोंगरी नदीला पाणी किती? विसर्गाचा आकडा कसा ठरतो

श्रोतेहो, नमस्कार.

नदीचा विसर्ग अमुक इतके क्युसेक, असं आपण बातम्यांत ऐकतो. वाटतं, कुणीतरी वाहतं पाणी मोजलं असेल. प्रत्यक्षात रोज मोजली जाते ती फक्त पातळी. काठावरची मोजपट्टी किंवा सेन्सर पाण्याची उंची सांगतो, आणि आधी तयार करून ठेवलेल्या आलेखावरून त्या उंचीला किती विसर्ग ते काढतात. संथ, मातीच्या पात्रातल्या नदीत हे बऱ्यापैकी निभतं. डोंगरी नदीत मात्र हा आलेख सारखा तपासत राहावा लागतो.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. सेकंदाला एक घनमीटर म्हणजे क्युमेक, म्हणजेच साधारण 35.3 क्युसेक.

आलेखासाठी आधी खरी मोजणी लागते. नदीवर आडवी टेप ताणायची आणि वीस-पंचवीस ठिकाणी खोली आणि वेग मोजायचा. उथळ पाण्यात वेगमापक पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 भागावर धरतात. पाणी पाऊण मीटरहून खोल असेल तर 0.2 आणि 0.8 भागांवर मोजून सरासरी घेतात. प्रत्येक पट्ट्याची रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करून सगळ्यांची बेरीज केली की विसर्ग मिळतो. एकाच पट्ट्यातून एकूण पाण्याच्या 5 टक्क्यांहून जास्त पाणी जात असेल, तर तिथे आणखी मोजण्या घ्याव्यात. अशी मोजणी कमी, मध्यम आणि भरपूर पाण्यात पुन्हा पुन्हा करावी लागते. पुराची मोजणी सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच राहून जाते. खोली मीटरमध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन केलेला गुणाकार 1 च्या जवळ पोहोचला, की पात्रात उतरायचं नाही. म्हणजे अर्धा मीटर पाणी आणि सेकंदाला दोन मीटर वेग असला, तरी माणूस वाहून जाऊ शकतो.

मोठमोठे धोंडे आणि खळाळ असेल तिथे वेगमापकाचा उपयोग नाही. तिथे मीठ वापरतात. वजन केलेलं मीठ नदीच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून एकदम ओतायचं, आणि खालच्या अंगाला पाण्याची विद्युतवाहकता दर काही सेकंदांनी नोंदवायची. ती वर चढते आणि पुन्हा मूळ पातळीवर येते. पाणी जितकं जास्त, तितका हा चढ कमी. क्युमेकमागे साधारण किलोभर मीठ धरतात. चुकतं ते अंतर: पात्राच्या रुंदीच्या निदान पंचवीसपट खाली मोजावं, आणि मधे मोठा डोह किंवा ओढ्याचा संगम नसावा. मीठ नीट मिसळलं नसेल तर दोन्ही काठांवर वेगवेगळी उत्तरं येतात. म्हणून दोन्हीकडे मोजलेलं बरं.

आता आलेख फसतो कुठे? पातळी दुप्पट झाली की विसर्ग दुप्पट होतो, हा समज चुकीचा. रुंदी, खोली आणि वेग एकदम वाढतात, त्यामुळे पात्राच्या आकारानुसार विसर्ग तिपटीपासून सहापटीपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे पातळीतली दोन सेंटिमीटरची चूकही अंगाशी येते. शिवाय एका पुरात तळ खरवडला जातो, गोटे सरकतात किंवा झाडाचा ओंडका अडकतो. लगेच तीच उंची वेगळा विसर्ग दाखवू लागते. थंडीत पात्रात बर्फ धरला की पाणी तुंबून पातळी वर येते, आणि आकडा खोटा फुगतो. प्रवाह आटतोय आणि आकडा वाढतोय, असं दिसलं की आधी बर्फाचा संशय घ्यावा.

बर्फाळ पाणलोट क्षेत्रात वेळही पाहावी. 200 चौरस किलोमीटरवरून दिवसाला 1 सेंटिमीटर पाणी वितळून उतरलं, तर सरासरी 23 क्युमेक होतात. पण ते दिवसभर सारखं येत नाही. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी खाली पोहोचेपर्यंत संध्याकाळ, कधी मध्यरात्र होते, आणि सकाळी नदी सगळ्यात कमी असते. म्हणून फक्त सकाळच्या नोंदीवरून त्या दिवसाचा विसर्ग ठरवू नये. हंगामाच्या सुरुवातीला कडक ऊन पडूनही नदी चढत नाही, कारण साठलेला बर्फ आधी शून्य अंशावर यावा लागतो आणि वितळलेलं पाणी त्याच्याच पोकळ्यांत मुरतं. एकदा बर्फ पूर्ण भिजला आणि त्यावर उबदार पाऊस पडला, की पाऊस आणि वितळ दोन्ही एकदम उतरतात. तेव्हा नदी काही तासांत चढते.

मग आजचं पाणी जास्त की कमी? वार्षिक सरासरीशी तुलना करू नका. दोन-चार मोठ्या पुरांमुळे ती फुगलेली असते. त्याच तारखेच्या जुन्या नोंदी चढत्या क्रमाने लावून मधल्या आकड्याशी तुलना करा. आकड्यावर ‘तात्पुरता’ असा शेरा असेल, तर तो नव्या मोजणीनंतर बदलू शकतो. मोठ्या पुरानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर तो बदलणारच असं धरून चाला.