एमा हार्टचं दुकान

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका जाडजूड कादंबरीबद्दल बोलणार आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांनी तिचं नाव नक्की ऐकलं असेल: 'अ वुमन ऑफ सबस्टन्स'. लेखिका बार्बरा टेलर ब्रॅडफर्ड. ही कादंबरी १९७९ साली आली आणि आजवर तिच्या ३ कोटींहून जास्त प्रती खपल्या. लेखिका नोव्हेंबर २०२४ मध्ये वारल्या, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. त्या बातमीनंतर मी ही कादंबरी पुन्हा हातात घेतली, आणि या वेळी ती मला अगदी वेगळी दिसली.

अशा पुस्तकांना आपल्याकडे काय म्हणतात, तुम्हाला माहीत आहे. दुपारी लोळत वाचायची पुस्तकं. नायिका देखणी, हट्टी, कर्तबगार. शून्यातून उभी राहणार, दोनतीन पुरुष तिच्यावर जीव टाकणार, शेवटी तिच्याजवळ हिरे असतील आणि डोळ्यांत पाणी. इंग्लंड-अमेरिकेत ऐंशीच्या दशकात अशा कादंबऱ्यांची लाटच आली. समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. मला मात्र आज ठामपणे सांगायचंय की या पुस्तकांत एक अशी गोष्ट आहे, जी मोठमोठ्या साहित्यिक कादंबऱ्यांतही मला क्वचित सापडली. बाईच्या हातात पैसा येतो कसा, तो ती साठवते कसा, वाढवते कसा, हे इथे सविस्तर सांगितलेलं असतं.

मी नोकरीची बरीच वर्षं बँकेत काढली, त्यातली पुष्कळशी कर्ज विभागात. त्यामुळे असेल, पण प्रेमप्रसंगांपेक्षा मला हे हिशेबच जास्त गुंतवतात.

तर गोष्ट थोडक्यात. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर. १९०४ सालचा सुमार. फेअर्ली हॉल नावाच्या श्रीमंतांच्या वाड्यात एमा हार्ट ही कोवळी पोर मोलकरीण आहे. आई क्षयानं अंथरुणाला खिळलेली. वाड्याचा धाकटा मुलगा एडविन हिच्यावर प्रेम करतो, किंवा करतो असं वाटतं. तिला दिवस जातात आणि हा पाय मागे घेतो. एमा कोणाला न सांगता लीड्स शहरात निघून जाते.

इथपर्यंत ही कथा आपण शंभर वेळा ऐकलेली आहे. फसवली गेलेली मुलगी, आणि मग विहीर तरी किंवा आश्रम तरी. आपल्या जुन्या कथा-कादंबऱ्यांत अशा मुलीला तिसरी वाट फारशी नसायची. ब्रॅडफर्डबाईंची नायिका लीड्सला पोचते आणि खोली भाड्यानं घेते. बोटात लग्नाची अंगठी घालते. नवरा नौदलात आहे, बोटीवर असतो, असं शेजारीपाजारी सांगते. काम मिळायला, खोली मिळायला, रस्त्यानं मान वर करून चालायला तिला एक नवरा लागतो, म्हणून ती तो कल्पनेनं तयार करते. हा तपशील मी वाचला आणि पुस्तक मांडीवर ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

मग ती कामाला लागते ती एका ज्यू शिंप्याच्या कारखान्यात. अब्राहम कॅलिन्स्की त्याचं नाव. रस्त्यावर टवाळ पोरं त्याला त्रास देत असतात, एमा मध्ये पडते, तिथून ओळख होते. हे लीड्सचं खरं चित्र आहे बरं का. रशिया-पोलंडकडून आलेल्या ज्यू कुटुंबांनी लीड्सला तयार कपड्यांचा धंदा उभारला होता. लेलँड्स नावाच्या दाटीवाटीच्या वस्तीत त्यांचे कारखाने होते. त्याच शहरातल्या कर्कगेट मार्केटमध्ये मायकेल मार्क्स या ज्यू फेरीवाल्यानं १८८४ साली एक पेनीच्या वस्तूंचा गाळा मांडला, त्याचंच पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झालं. म्हणजे गाळ्यापासून बाजारपेठेपर्यंतचा एमाचा प्रवास लेखिकेनं हवेतून आणलेला नाही. तिच्या गावात तो डोळ्यांसमोर घडलेला होता. तो एका बाईनं केला, एवढीच तिची भर. आणि ती भर फार मोठी आहे.

एमा शिवणकाम शिकते, कापडाची पारख शिकते. पगारातून पैसे बाजूला टाकते. तिच्या डोक्यात एक बेत असतो, त्याला ती 'प्लॅन' म्हणते, आणि लेखिका तो शब्द मोठ्या अक्षरानं लिहिते. मग आर्मली या लीड्सच्या उपनगरात ती एक छोटं दुकान भाड्यानं घेते. दुकानाचा मालक जो लाउथर. एवढीशी पोर दुकान चालवणार कशी, असं त्याला वाटतं. ती चालवते. घरी केलेले खाण्याचे पदार्थ विकते, मग शिवणाचं सामान, मग कपडे. एकाची दोन दुकानं, दोनाची तीन. पुढे लंडनला नाइट्सब्रिजमध्ये तिचं स्वतःचं प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर उभं राहतं.

या दुकानाच्या पानांवर मी जरा रेंगाळते, कारण कादंबरीचा जीव माझ्या मते तिथं आहे. फळीवर काय मांडायचं, कोणतं गिऱ्हाईक कशासाठी येतं, उधारी किती द्यायची, नफा खायचा की पुन्हा मालात घालायचा. कर्ज विभागात माझ्यासमोर बसणाऱ्या बायकांना हेच प्रश्न असायचे. पापड-लोणच्यांचा धंदा वाढवायचा असतो, शिलाई मशीन घ्यायचं असतं. धंद्याची सगळी आकडेमोड बाईला तोंडपाठ. आणि अर्जावर सही कोणाची, तर शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलेल्या नवऱ्याची. त्याला विचारलं, महिन्याला माल किती लागतो, तर तो बायकोकडे बघायचा.

हे केवळ आपल्याकडचं नाही. अमेरिकेत कर्जाच्या बाबतीत बाई आणि पुरुष असा भेद करायला कायद्यानं बंदी झाली १९७४ साली. ब्रिटनमध्ये १९७५ साली. त्याआधी कमावत्या बाईकडेही बँक नवऱ्याची किंवा बापाची सही मागू शकत होती. कादंबरी आली १९७९ साली. म्हणजे ती पहिल्यांदा वाचणाऱ्या बायका कोण होत्या, याचा विचार करा. स्वतःच्या सहीवर कर्ज काढण्याचा हक्क जिला नुकताच मिळालाय, अशी बाई रात्री दिव्याखाली एमा हार्टची गोष्ट वाचत होती. तिला त्यात नुसतं स्वप्नरंजन दिसलं असेल, हे मला पटत नाही.

कादंबरीतल्या काळाकडे पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्यानं मिळाला. एमा लग्नानंतरही दुकानं आपली म्हणू शकते, ती त्या कायद्याच्या जोरावर. पण मत देण्याचा हक्क तिच्यासारखीला १९१८ पर्यंत नव्हताच. दुकानाची मालकीण आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि मतदार यादीत नाव नाही.

आता प्रेमाकडे येऊ. प्रेमाशिवाय ही कादंबरी कोणी उचललीच नसती, हे मान्य करायला हवं. शिंप्याचा मुलगा डेव्हिड एमावर प्रेम करतो, पण त्याच्या आईला सून ज्यूच हवी, आणि त्या बाईचं मन मोडून आपलं घर मांडायचं एमाला मान्य नाही. दुकानमालक जो लाउथरशी ती लग्न करते. तो सरळ, सज्जन, आणि पहिल्या महायुद्धात मारला जातो. दुसरं लग्न फसतं. मग येतो ऑस्ट्रेलियाचा पॉल मॅकगिल, तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रेम. त्याची बायको हयात आहे आणि घटस्फोट होऊ शकत नाही. पॉलची पानं मला लांबलेली वाटली. तिथं लेखिका दागिने, पोशाख, हॉटेलं यांच्या वर्णनात रमते आणि आर्मलीच्या दुकानातली ती तल्लख मुलगी जरा हरवते. आणखी एक गोष्ट मला खटकते. कादंबरी सुरू होते मोलकरणीच्या हालांपासून. नंतर एमाचा स्वतःचा थोरला वाडा होतो, तिथंही नोकरमाणसं आहेत, पण त्यांच्या वाट्याला अशी पानं येत नाहीत. ती यायला हवी होती.

पण एका बाबतीत ही कादंबरी फार प्रामाणिक आहे, आणि त्यासाठी मी तिचे बाकीचे दोष पोटात घालते. बाई कामावर गेली की मूल कोण सांभाळतं? करिअर आणि संसार अशा दोन शब्दांत आपण जे बोलतो, त्याच्या मुळाशी हा एवढासा प्रश्न असतो. एमा आपली पहिली मुलगी एडविना हिला रिपन या गावी नात्यातल्या फ्रीडाकडे ठेवते. का, तर लीड्सला कारखान्यात काम करून, भाड्याच्या खोलीत राहून तान्ह्या मुलीला सांभाळणं अशक्य आहे. ती रिपनला जाते, मुलीला भेटते, परत येते. पैसा मिळवते तो या मुलीसाठीच, असं स्वतःला सांगते. आणि मुलगी मोठी होते ती फ्रीडाला आई मानत. पुढे एमाकडे सगळं काही येतं, पण ती मुलगी मनानं परत येत नाही. कादंबरीच्या सुरुवातीलाच म्हातारी, अब्जाधीश एमा आपल्याला भेटते, आणि तिच्याविरुद्ध कट कोण करतंय? तिचीच मुलं. पॉलपासून झालेली डेझी तेवढी आईच्या बाजूची, आणि डेझीची मुलगी पॉला ही एमाची लाडकी नात, खरी वारस.

लेखिकेनं एमाला यासाठी शिक्षा दिलेली नाही आणि तिची सुटकाही केलेली नाही. दुकान चाललं, त्याची किंमत एका लहान मुलीनं मोजली, हे सांगून ती पुढे जाते.

आणि इथं एक विलक्षण गोष्ट आहे. रिपनची ती फ्रीडा. लेखिकेच्या स्वतःच्या आईचं नाव फ्रीडाच होतं आणि तीही रिपनचीच. वडिलांचं नाव विन्स्टन, ते तिनं एमाच्या भावाला दिलं. आर्मली हे तर तिचं लहानपणचं घर. अनेक वर्षांनी चरित्रकारानं शोध घेतला तेव्हा बाहेर आलं की फ्रीडाचा जन्म विवाहाबाहेरचा होता. लेखिकेला कादंबरी लिहिताना हे माहीत नव्हतं. एडविनाची गोष्ट तिच्या घरातच होती, कोणी तिला सांगितली नव्हती.

ब्रॅडफर्डबाईंचं स्वतःचं आयुष्यही कमावत्या मुलीचंच. दहा वर्षांच्या असताना मुलांच्या मासिकानं त्यांची गोष्ट साडेसात शिलिंगांना विकत घेतली. त्या पैशांतून त्यांनी वडिलांना रुमाल आणि आईला फुलदाणी आणली. शाळा लवकर सोडून 'यॉर्कशर ईव्हनिंग पोस्ट' या दैनिकात टायपिस्ट म्हणून लागल्या, तिथून वार्ताहर, अठराव्या वर्षी महिलांच्या पानाच्या संपादक, विसाव्या वर्षी लंडन. लग्नानंतर न्यूयॉर्क. तिथं घरसजावटीवर सदर चालवलं. कादंबऱ्या सुरू करून सोडून दिल्या. एमा हार्ट पुरी झाली आणि छापून आली तेव्हा त्या शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. कादंबरीवरची मालिका १९८५ साली ब्रिटनच्या चॅनल फोरवर लागली, तेव्हा १ कोटी ३० लाखांहून जास्त लोकांनी ती पाहिली. त्या वाहिनीचा तो विक्रम ठरला.

आता आपल्याकडचं एक पुस्तक. 'कळ्यांचे निःश्वास', १९३३ साल. विभावरी शिरूरकर या टोपणनावानं बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी लिहिलेल्या कथा. केवढं वादळ उठलं होतं त्यावर. त्यातल्या एका कथेचं नावच आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' शिकलेली, कमावती मुलगी. तिच्या पगारावर बापाचं घर चालतं, म्हणून तिच्या लग्नाचा विषय कोणी काढत नाही. म्हणजे एमा हार्टच्या कितीतरी आधी मराठीत एका बाईनं पगार आणि प्रेम यांचा संबंध उघड मांडला होता. पण तिथं पैसा मुलीच्या पायातली बेडी आहे. नोकरी करणाऱ्या नायिका नंतर मराठीत पुष्कळ आल्या, शिक्षिका आल्या, प्राध्यापिका आल्या. त्यांची मनं आपल्याला कळली, घुसमट कळली. त्यांच्या पासबुकात किती शिल्लक होती, हे मात्र बहुतेक लेखक सांगायला विसरले.

तुमच्या ओळखीत अशा बायका असतील. पोळी-भाजी केंद्र चालवणारी, ब्लाउज शिवून देणारी, बचत गटाचे हिशेब ठेवणारी, केटररची ऑर्डर घेऊन पहाटे तीनला उठणारी. तिचं प्रेमही असेल, तिचं भांडणही असेल, तिच्या मुलाला शेजारची काकू सांभाळत असेल. तिच्यावर कोणीतरी चांगली सहाशे पानांची कादंबरी लिहावी. गॅस सिलिंडर केवढ्याला पडला, पहिल्या महिन्यात हातात किती उरले, आणि त्या पैशांना घरात पहिला हात कोणी लावला, हे सगळं त्यात असावं. मी ती विकत घेऊन वाचीन, आणि दहाजणींना वाचायला लावीन.

नमस्कार.