एक दिवस, एक दिशा

नमस्कार श्रोतेहो.

लंडनला जाऊन आलेल्या माणसाला विचारलं, काय काय पाहिलं, की तो बोटांवर मोजत नावं सांगतो. राजवाडा, पूल, तो मोठा पाळणा, तीन म्युझियम, दोन बाजार. सगळं एका दिवसात उरकलेलं. आणि मग घरी फोटो बघताना नवराबायकोत वाद, हा जिना कुठला आणि मागचा घुमट कुठला!

आज मी तुम्हाला लंडनमधला एक दिवस सांगणार आहे, आणि तो सहकुटुंब. म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस बरोबर, मुलं बरोबर, आणि गुडघेदुखी, भूक, रुसवेफुगवे हेही बरोबर. माझं म्हणणं थोडक्यात असं, की हातात एकच दिवस असेल तर एकच दिशा धरा. पुन्हा सांगते, एक दिवस, एक दिशा. लंडनमध्ये ही दिशा शोधावी लागत नाही, ती थेम्स नदी दाखवते. सकाळी वेस्टमिन्स्टरला काठावर जायचं, बोटीत बसायचं आणि पूर्वेला ग्रिनिचला उतरायचं. संध्याकाळी गाडीनं परत. बस्स.

आता निघण्यापूर्वीच्या दोनचार गोष्टी भराभर सांगते. तिथल्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं, पण माणशी एक कार्ड हवं. एकाच कार्डावर दोघं जाऊ, असं चालत नाही. माणशी एक कार्ड, लक्षात ठेवा. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, फुकट जातात. पाणी विकत घेऊ नका, तिथे नळाचं पाणी खुशाल पितात. आणि मुंबईहून निघताना बॅगेत पेढे, बर्फी, तूप घालू नका. बाहेरून दुधाचे पदार्थ आणलेले तिथल्या कायद्याला चालत नाहीत. तिखटमिठाच्या पुऱ्या घ्या. माझ्या पुऱ्या चार दिवस टिकल्या, पाचव्या दिवशी मुलांनी टिकू दिल्या नाहीत.

तर वेस्टमिन्स्टर. बिग बेनच्या घड्याळाचा फोटो सगळे काढतात, मला त्याच्या आतली एक गोष्ट फार आवडते. त्या घड्याळाच्या लंबकावर जुन्या काळातली पेनीची नाणी ठेवलेली असतात. एक नाणं वाढवलं की घड्याळ दिवसाला सेकंदाच्या दोनपंचमांश भागानं पुढे जातं. नाणं काढलं की तेवढंच मागे. एवढं अवाढव्य घड्याळ, आणि त्याची दुरुस्ती चिल्लर ठेवून! समोरच्या चौकात २०१५ साली गांधीजींचा पुतळा बसला आहे. चर्चिलसाहेबही त्याच चौकात उभे आहेत. दोघांना एका चौकात बघून आमच्या अण्णांना जे हसू फुटलं, ते बोटीत बसेपर्यंत थांबलं नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. रेल्वेतून निवृत्त, लोकल गाडीचे गार्ड होते. यांच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

ग्रिनिचपर्यंत बोटीचा प्रवास साधारण तासाभराचा. बोटीत वडीलधाऱ्यांना काठाची जागा द्या. मुलं काय, ती तशीही फोनमध्ये बघणार असतात. वाटेत डाव्या हाताला टॉवर ऑफ लंडन लागतो. आत कोहिनूर आहे, मुकुटात बसवलेला, आणि त्याच्यासमोरून माणसं सरकत्या पट्ट्यावरून पुढे पुढे नेतात. लेकीला आत जायचं होतं. मी म्हटलं, आपलीच वस्तू बघायला आपण तिकीट काढायचं नाही. हे माझं मत झालं, तुम्ही जरूर जा, पण मग तो दिवस टॉवरचा. एक दिवस, एक दिशा!

ग्रिनिचच्या धक्क्याजवळ कटी सार्क नावाचं जुनं शिडाचं जहाज उभं करून ठेवलंय. चीनमधून चहा आणायला बांधलं होतं, १८६९च्या नोव्हेंबरात पाण्यात उतरलं. आणि त्याच महिन्यात, त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, सुएझ कालवा खुला झाला. वाफेच्या बोटी कालव्यातून झपाट्यानं ये-जा करायला लागल्या, शिडाच्या जहाजांचा चहाचा धंदा बसला, आणि आपली मुंबई मात्र त्या कालव्यावर गबर झाली. आपल्या बंदराची भरभराट आणि या सुंदर जहाजाचं दुर्दैव, दोन्ही एकाच महिन्यातलं.

तिथून बागेतून टेकडी चढायची. चढ आहे, पण बाकं आहेत, घाई करू नका. टेकडीवर १६७५ साली स्थापन झालेली वेधशाळा. जगाचे रेखांश जिथून मोजतात ती शून्याची रेघ इथली, १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरलेली. आत जायला तिकीट आहे. काय उघडं आहे, काय बंद, ते आधी बघून घ्या. पण फाटकाबाहेर भिंतीत एक घड्याळ बसवलंय, १८५२ सालचं, ते रस्त्यावरून दिसतं, आणि आमचा सगळा दिवस त्या घड्याळानं खाल्ला.

आम्ही धापा टाकत वर पोचलो. फाटकाशी ही गर्दी. कारण वेधशाळेच्या छपरावर एका खांबाला लाल रंगाचा मोठा गोळा आहे, तो रोज दुपारी एकला खाली पडतो. १८३३ पासूनची पद्धत. नदीतल्या जहाजांवरून खलाशी दुर्बिणीनं तो बघायचे आणि आपापली घड्याळं लावून घ्यायचे. तर माझ्या फोनवर बारा पन्नास, आणि भिंतीतल्या घड्याळात? मोठा काटा दहाच्या जागी, लहान काटा खाली, म्हणजे सहाला दहा कमी!

मुलगा म्हणाला, "बंद पडलंय." नवरा म्हणाला, "एवढ्या मोठ्या ठिकाणचं घड्याळ बंद कसं पडेल?" शेजारी उभी असलेली कुटुंबंही तेच बोलत असावीत, भाषा कळत नव्हती पण मनगटाकडे बोटं दाखवणं चालू होतं.

इथे मला मधेच एक सांगू दे. काट्यांचं घड्याळ मुलांना वाचता आलं पाहिजे, हे माझं शाळांशी जुनं भांडण आहे. आकडे वाचून वेळ कळते, पण किती उरली ते काट्यांत दिसतं. असो.

तेवढ्यात अण्णा पुढे झाले. चष्मा कपाळावर चढवला, तबकडीजवळ गेले, आणि ड्युटीवरच्या आवाजात म्हणाले, "अकरा पन्नास."

"अण्णा, अकरा कुठून आले?"

"अगं, ही चोवीस तासांची तबकडी आहे. बघ, वर शून्य, खाली बारा. रेल्वेत जन्म गेला माझा, सतरा तीस आणि बावीस चाळीसमध्ये. लहान काटा बाराच्या आधी आहे. अकरा पन्नास."

लेक म्हणाली, "पण आजोबा, फोनवर बारा पन्नास आहे. फोन चुकत नाही."

"फोन चुकला असं कोण म्हणतंय? या लोकांनी उन्हाळ्यासाठी आपली घड्याळं तासभर पुढे ढकललीत. हे मात्र वर्षभर आपल्या वेळेवर आहे. याला हात लावलेला नाही."

आता तुम्हाला अण्णांच्या मनगटावरच्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. चावीचं जुनं एचएमटी, तबकडीवर आकडे नाहीत, नुसत्या सोनेरी रेघा. मुंबईहून निघाल्यापासून त्यांनी ते बदललेलं नव्हतं. विमानात सगळ्यांनी घड्याळं लावली, यांनी नाही. रक्तदाबाची गोळी मुंबईच्या वेळेला, चहा मुंबईच्या वेळेला. त्यावरून घरात रोज खटके उडत होते. गार्डनं हजेरी लावताना एकदा घड्याळ लावून घेतलं की मग दिवसभर त्याला हात लावायचा नाही, हे त्यांचं उत्तर ठरलेलं. चहा मात्र तिथे भलत्याच वेळी मागावा लागायचा, आणि तिथला चहा! गरम पाणी, त्यात पुडी, वर थंड दूध. जाऊ दे.

तर अण्णांनी मनगट पुढे केलं. पाच वीस. संध्याकाळचे, मुंबईचे. मग पट्टा सोडला, घड्याळ काढलं, आणि उलटं धरलं. म्हणजे बाराची रेघ खाली, सहाची वर. "आता वाचा."

मोठा काटा फिरून दहावर गेला. लहान काटा अकराच्या थोडा पुढे. अकरा पन्नास! लहान काटा नीट बघाल तर अर्ध्या तासानं मागे असतो, पण मिनिटं बरोब्बर. आपली वेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे, त्यातल्या अर्ध्या तासाची ही करामत. तुमच्या घरात आकडे नसलेलं काट्यांचं घड्याळ असेल तर आत्ता करून बघा. घड्याळ उलटं धरलं की ग्रिनिचची वेळ. पुन्हा सांगते, भारतीय वेळेचं घड्याळ उलटं धरा, ग्रिनिचची वेळ दिसते. आठवडाभर आम्ही ज्या घड्याळावरून त्यांच्याशी भांडलो, ते त्या फाटकापाशी भिंतीतल्या घड्याळाशी जुळणारं एकमेव होतं.

मागे एका शाळेची सहल उभी होती, गणवेशातली सातआठ वर्षांची मुलं. त्यांच्या बाईंनी हे पाहिलं आणि विचारलं, पुन्हा दाखवाल का? अण्णांनी दाखवलं. मग मुलांची रांग लागली. प्रत्येकाला ते घड्याळ हातात घेऊन उलटं करायचं होतं. अण्णांचं इंग्रजी रेल्वेचं, 'राइट टाइम', 'लेट', 'स्टार्ट' एवढ्यावर चालणारं. एकेका मुलाचं झालं की ते तोंडानं "टिंग टिंग" करायचे आणि पुढचं मूल पुढे यायचं. लोकलचा गार्ड गाडी सोडताना मोटरमनला दोन बेल देतो ना, ती. त्या गोऱ्या मुलांना ते कुठून कळणार, पण शेवटी शेवटी सगळी रांगच टिंग टिंग करायला लागली.

या गडबडीत गोळा वर चढला. बारा पंचावन्नला खांबाच्या अर्ध्यावर, बारा अठ्ठावन्नला टोकाला. सगळ्यांचे फोन वर. आणि एकच्या ठोक्याला तो घसरला खाली. ना आवाज, ना भोंगा. निम्म्या लोकांच्या फोनमध्ये नुसता खांब आला. भिंतीतल्या घड्याळाचे काटे एका उभ्या रेषेत, सहा वाजल्यासारखे.

"एवढंच?" अण्णा म्हणाले. मग मनगटाकडे बघून, "साडेपाच झाले. चहाचं बघा."

तर असा तो गोळा. शास्त्र म्हणाल तर सोपं आहे, पंधरा रेखांशांना एक तास. मुंबई शून्यापासून जवळपास त्र्याहत्तर अंश पूर्वेला, म्हणून सूर्याच्या हिशेबानं मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. ती आपण पाळतही होतो. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणी कामगारांनी विरोध केला, आणि महापालिकेनं जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे शहरात दोन वेळा, एक दुसरीपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे. अण्णांचे वडील सांगायचे, लग्नपत्रिकेवर मुहूर्त कुठल्या वेळेचा ते बघून निघावं लागे. राजाबाई टॉवरच्या घड्याळाखालून आपण रोज जातो आणि मान वर करत नाही. त्याचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट लंडनचे, त्यांनी तर मुंबई पाहिलीच नाही. त्यांना निदान सबब होती.

लेकीचा एक प्रश्न राहिला होता. रेघेवर उभं राहून फोन बघितला तर शून्य येत नाही. शून्य सापडतं शंभरएक मीटर पूर्वेला, बागेत. जुनी रेघ दुर्बीण ओळंब्यावर बसवून आखलेली, आणि जमिनीखालच्या वस्तुमानामुळे तिथला ओळंबा किंचित कलतो. उपग्रहाचं मोजमाप पृथ्वीच्या मध्यापासून. तिनं गवतात फिरून ते शून्य शोधलं, तोवर आम्ही पुऱ्या संपवल्या.

परतताना धक्क्याजवळ नदीखालून जाणारा पायी बोगदा आहे, १९०२चा. पलीकडच्या काठावरून ग्रिनिच फार सुरेख दिसतं. तिथून डीएलआर नावाच्या हलक्या रेल्वेची गाडी पकडा. तिला समोर ड्रायव्हरची केबिन नाही, त्यामुळे पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी बसता येतं. ती जागा मुलांसाठी, असं मी म्हणणार होते, पण तिथे आधीच अण्णा बसले होते. गार्डाची सगळी नोकरी गाडीच्या शेपटाला गेलेली.

दुसरा दिवस मिळाला तर उत्तरेची दिशा धरा. किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथे राहात होते. २०१५ साली आपल्या राज्य सरकारनं ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनला उतरायचं, तिथून चालत जाता येतं. जवळच प्रिमरोज हिलची टेकडी आहे, पुऱ्या उरल्या असतील तर तिथे बसून खा.

नमस्कार.