ध्वनीला वाट मोकळी हवी

श्रोतेहो, नमस्कार. 'टाके नाहीत, चिरफाड नाही' एवढं ऐकलं की निम्मी भीती पळते. पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरवरच्या हायफूबाबत, म्हणजे तीव्र केंद्रित अल्ट्रासाउंडबाबत, तेवढं खरंच आहे. पण हवा आडवी आली की अल्ट्रासाउंडचं काही चालत नाही, आणि निम्मी तयारी असते ती याचसाठी.

पेशंटला पूर्ण किंवा कमरेखालची भूल देऊन गुदद्वारातून प्रोब, म्हणजे लहरी सोडणारी कांडी, आत सरकवतात. लहरी तीन-चार सेंटीमीटरवर एका जागी एकवटतात. काही सेकंदांत तिथलं तापमान 80 अंशांच्या वर जातं आणि पेशी मरतात. एका वेळी जळतो तो भाग जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. म्हणून असे मारे एकमेकांना खेटून पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. त्यात तास-दोन तास सहज जातात, आणि पेशंट जरा हलला तरी नेम चुकतो.

मध्ये मळ किंवा वायूचा बुडबुडा आला तर लहरी तिथूनच माघारी फिरतात. कॅन्सर जिवंत राहतो, चटका बसतो गुदाशयाच्या भिंतीला. म्हणून आधी एनिमा. प्रोबभोवतीच्या आवरणात नळाचं पाणी भरून भागत नाही. त्यात विरघळलेली हवा काढून टाकलेलं थंड पाणी सतत खेळवतात, तेच भिंत गारही ठेवतं. ती भाजून भोक पडलं आणि मूत्रमार्गाशी जोडलं गेलं, तर लघवी शौचावाटे येऊ लागते. हे क्वचितच होतं. पण आधी रेडिएशन झालेलं असेल तर धोका वाढतो. प्रोस्टेटमधले कॅल्शियमचे खडेही लहरी अडवतात, त्यांच्या आडचा कॅन्सर सुटतो. ग्रंथीचा आकार 40 मिलिलिटरच्या बराच वर गेला असेल, तर तिचा पोटाकडचा भाग आवाक्यात येत नाही.

नंतर सूज येते, त्यामुळे काही दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी आणि तिची पिशवी, राहतो. घरी जाताना लोकलचा हट्ट नको, टॅक्सीच करा. गर्दीत नळी ओढली गेली तर पंचाईत. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी. लघवीत थोडं रक्त, मेलेल्या ऊतींचे कण दिसतील. मात्र लघवी अडली, थंडी वाजून ताप आला किंवा लघवीतून हवा सुटली, तर उद्यावर ढकलू नका.

ग्रंथीचा एकच भाग जाळला असेल तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, शून्यावर येत नाही, आणि ते नुसतं उतरलं म्हणजे काम फत्ते असंही नाही. पुढे एमआरआय आणि बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, लागतेच. तिचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का, हे भरती होण्याआधीच विचारून घ्या.