उणे पाण्यातली मासळी

नमस्कार श्रोतेहो.

माझं माहेर भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, इंदापूर तालुक्यात. घराच्या एका अंगाला भावाचा ऊस, दुसऱ्या अंगाला ज्यांना आम्ही लहानपणापासून मामा म्हणतो त्यांचं घर आणि दारात वाळत घातलेली जाळी. ऊस आणि जाळी, दोन्ही एकाच धरणाच्या पाण्यावर. पाणी भरपूर असतं तेव्हा या दोन घरांत भांडायला काही नसतं. उन्हाळा सरत आला की मात्र एकाची मोटार आणि दुसऱ्याची होडी एकाच डबक्याकडं तोंड करून उभी राहते. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

२०२४ च्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, मी माहेरी गेले होते. त्या दिवसांत उजनी उणे साठ टक्क्यांना टेकली होती. बातम्यांत हा आकडा आपण ऐकतो, पण धरणात उणे पाणी कसं असेल, असं पुष्कळांना वाटतं. तर उजनी पूर्ण भरली की साधारण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी असतं. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी म्हणजे मृतसाठा. वरचे साडेत्रेपन्न टीएमसी तो उपयुक्त साठा, आणि टक्के मोजतात ते या वरच्या साठ्याचे. तो संपला की शून्य. त्याच्याही खाली गेलं की उणे. म्हणजे उणे साठ टक्क्यांना मृतसाठ्यातूनसुद्धा ३२ टीएमसी निघून गेलेलं असतं आणि ११७ मधलं उरतं साडेएकतीसच्या आसपास.

मामांना हे गणित तोंडपाठ आहे, पण 'मृतसाठा' हा शब्द त्यांना सोसत नाही. ते म्हणाले, "पोरी, कागदात त्याला मेलेलं पाणी म्हणत्यात. आमचं समदं जितं हाय ते त्याच पाण्यावर."

मी त्यांच्याबरोबर काठापर्यंत चालत गेले. काठ म्हणायचं खरं. एरवी जिथं होडी बांधतात तिथून पाण्याला पोचायला आम्हाला अर्धा तास लागला. पायाखाली भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा चुरा, अर्धवट पुरलेली फाटकी जाळी. वाटेत भावाची मोटार लागली. त्यानं जेसीबी लावून पाण्यापर्यंत चर खोदला होता, उसनवारी करून पाइपाचे आणखी तुकडे जोडले होते. त्या वर्षातली ती तिसरी हलवाहलव. उसाचा खोडवा वाळला तर कारखान्याला काय घालायचं आणि सोसायटीचं कर्ज कशानं फेडायचं, ही त्याची काळजी खोटी नाही.

मोटारीच्या पुढं गेल्यावर मामा थांबले आणि खाली बोट केलं. वाळत चाललेल्या गाळात गोल गोल खळगे होते, कोणी जेवायच्या थाळ्या दाबून उचलल्यासारखे, एकाला लागून एक, शंभरेक तरी असतील. ती चिलापी माशाची घरटी. चिलापीचा नर उथळ पाण्यात तळाशी शेपटीनं आणि तोंडानं असा खळगा करतो, मादी तिथं अंडी घालते आणि मग तोंडात घेऊन सांभाळते. पाणी सावकाश उतरलं तर मासा खाली सरकून नवा खळगा करतो. भराभर उतरलं तर खळगे उघडे पडतात आणि सगळा खटाटोप तिथंच राहतो. मामा त्या खळग्यांच्या कडेकडेनं चालत होते, एकावरही पाय पडू न देता. कोरड्या गाळात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरीही.

चिलापी मुळात बाहेरून आलेला, चिवट मासा. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, पाणी कमी झालं की ती घाण आणखी दाट होते, आणि त्यातही तग धरतो तो हाच. कटला, रोहू, मरळ, वाम यांचं दुखणं वेगळं. कटला-रोहूला अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, गढूळ, नवं पाणी हवं असतं. जूनमध्ये त्यांच्या माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात आणि नेमकं तेव्हाच धरण आटून मासे थोड्या जागेत दाटलेले असतात. बारीक आसाचं जाळं ओढणारे, ज्याला आमच्याकडं वडाप म्हणतात, त्यांना ती पर्वणी. पंधरा दिवस भिगवणच्या बाजारात माल मावत नाही, लिलावात भाव पडतो, आणि पुढचं वर्षभर जाळी हलकी येतात. या वडापवाल्यांना मी अजिबात पाठीशी घालणार नाही. बोटाएवढी पिल्लं टोपल्यांनी सुकवायला नेणं हा स्वतःच्याच घरावर घातलेला दरोडा आहे.

पण पाणी उतरवणारे ते नव्हेत. ठरल्या तारखांना कालव्यांत सोडलेली पाण्याची आवर्तनं, उपसा सिंचन योजना, फुगवट्यावरच्या हजारो मोटारी, आणि सोलापूर शहरासाठी नदीत सोडलेलं पाणी. सोलापूरची तहान सगळ्यात आधी, त्याबद्दल दुमत नाही. तरी हेही खरं, की ते पाणी भीमेच्या पात्रातून दोनशे किलोमीटरहून जास्त वाहत सोलापूरजवळच्या औजच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, आणि त्यापायी एका वेळी पाच-सहा टीएमसी सोडावं लागत आलं आहे. शहराच्या नळाला त्यातलं थोडंच लागतं. थेट जलवाहिनीनं जेवढं जास्त पाणी जाईल, तेवढा धरणाचा तळ वाचेल.

आता थोडं लांबचं सांगते. अमेरिकेत आयडाहो राज्यात हेन्रीज फोर्क नावाची नदी आहे. तिच्यावर १९३८ साली आयलंड पार्क हे धरण झालं. पाणी मावतं पावणेसहा-सहा टीएमसी, म्हणजे सोलापूरला एका वेळी सोडतात तेवढंच. ते पाणी बटाटा आणि सातूच्या शेतीचं. पण धरणाच्या खालच्या नदीत ट्राउट मासा आहे, आणि तो गळाला लावायला देशभरातून हौशी माणसं येतात. नदीच्या नावाजलेल्या पट्ट्यात पकडलेला मासा परत पाण्यात सोडावाच लागतो, असा नियम आहे. हे मामांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग त्येंचं पोट कशावर?" त्यांचं पोट दुसऱ्या कशावर, पण त्या हौशी माणसांवर तिथल्या खानावळी, मुक्कामाची घरं, वाटाडे जगतात.

तिथंही असंच भांडण होतं. शेतकरी हिवाळ्यात धरण भरून घ्यायला दारं बंद करत, नदी आटे, आणि त्या थंडीत ट्राउटची पहिल्या वर्षाची पिल्लं मरत. १९९२ साली तर धरण इतकं खाली नेलं की तळाचा हजारो टन गाळ नदीत उतरला. त्यानंतर शेतकऱ्यांची पाटबंधारे संस्था आणि गळवाल्यांची संस्था या दोघांनी मिळून नदीखोऱ्याची एक परिषद चालवायला घेतली. बैठकीला लोक गोल करून बसत. अभ्यासातून पुढं आलं की पिल्लांना सगळा हिवाळा सारखं पाणी नको असतं. जीव जातो तो हिवाळ्याच्या उत्तरार्धात, तेव्हा काठच्या झुडपांपर्यंत पाणी पोचलं पाहिजे, कारण पिल्लं तिथंच लपतात. मग धरण हिवाळ्याच्या सुरुवातीला जास्त भरून घ्यायचं आणि पुढं नदीत जास्त सोडायचं, अशी मांडणी झाली. एकूण पाणी तेवढंच, नुसत्या तारखा बदलल्या, आणि शेतकऱ्याचा हिस्सा कमी झाला नाही.

उजनीची तऱ्हा वेगळी आहे, हे मला कळतं. आपल्याकडं बर्फ नाही, ट्राउट नाही, आणि मामांना मासा परत सोडून चालणार नाही. पण तारखांचं ते शहाणपण आपल्याला लागू पडतं. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तनाच्या तारखा ठरतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं की डाव्या-उजव्या कालव्याला अमुक दिवस पाणी. मासा हा शब्द त्या बातमीत मी कधी वाचला नाही. मासेमारी करणाऱ्यांना त्या बैठकीत मानाची जागा हवी, असं मी आज इथून सांगते. ते भावाच्या उसाचं पाणी मागायला जाणार नाहीत. आवर्तन दोन तुकड्यांत सोडता येईल का, उथळ काठावर घरटी असताना पाण्याची पातळी थोडी सावकाश उतरवता येईल का, शून्याच्या खाली गेल्यावर कुठल्या पातळीला नदीचा विसर्ग आणि मोटारी दोन्हीला लगाम घालायचा, एवढंच त्यांना विचारायचं आहे. आणि जूनमध्ये अंड्यावरच्या माद्या वाचाव्यात म्हणून वडाप बंद करायची जबाबदारी त्यांनी त्याच बैठकीत स्वतःच्या शिरावर घ्यावी. मामा त्याला तयार आहेत. मी विचारलंय.

या लोकांपैकी अनेकांचं रान याच धरणात गेलं, हे आपण विसरतो. १९८० साली धरण पुरं झालं तेव्हा करमाळा, इंदापूर, दौंडकडच्या कितीतरी गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. जुनं पळसदेव तिथंच आहे. पाणी खूप उतरलं की त्याचं देऊळ अजून वर येतं. ज्यांची शेतं बुडाली, त्यांच्यातल्या काहींनी बुडालेल्या शेतावरच जाळं टाकलं. मामांचे वडील त्यांच्यातलेच. आपलं रान कुठं आहे ते ते होडीतून दाखवायचे, म्हणे.

यंदाही पाऊस लागला की माझ्या फोनवर दोन फोन येतील, हे मला ठाऊक आहे. उजनीकाठच्या घरांत पावसाळ्यात एकच प्रश्न असतो: दौंडला किती विसर्ग आहे, म्हणजे वरून भीमेतून धरणाकडं किती पाणी येतंय? भाऊ विचारतो, कारण पाणी मोटारीकडं परत येईल. मामाही तेच विचारतात. त्यांना आणखी एक सांगावं लागतं, पाणी गढूळ आहे का.

"लाल हाय ना? मंग मासा वर चढंल," असं म्हणून ते फोन ठेवतात आणि होडीला डांबर लावायला बसतात.

नमस्कार.