चार वेळा सांगावा

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ माळावरची रात्र. ओमाहा या तिथल्या मूळनिवासी जमातीची एक म्हातारी दुखण्यानं तळमळतेय. उशाशी आठ वर्षांची सुझन ला फ्लेश बसलीय. गोऱ्या सरकारी डॉक्टरला चार वेळा सांगावा गेला. चारही वेळा निरोप आला, ‘येतो.’ उजाडायच्या आत म्हातारी गेली. डॉक्टर आलाच नाही.

सुझनचा जन्म १८६५चा. वडील जोसेफ ला फ्लेश जमातीचे प्रमुख. मानाच्या घरातल्या मुलीच्या कपाळावर निळा ठिपका गोंदायची ओमाहांची रीत. वडिलांनी लेकींना गोंदू दिलं नाही. पोरींना उद्या गोऱ्यांच्यात वावरायचंय, हे त्यांनी ओळखलं होतं. बापाला हे किती जड गेलं असेल! थोरली सुझेट १८७९मध्ये पोंका जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांची दुभाषी होऊन पूर्वेकडच्या शहरांत फिरली. धाकटी सुझन हॅम्प्टनच्या शाळेत शिकली. तिथं इंग्रजीच बोलावं लागे.

पुढे फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज. आपल्या आनंदीबाई जोशींचं कॉलेज! मार्च १८८६मध्ये आनंदीबाई तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, ऑक्टोबरमध्ये सुझन दाखल झाली. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि काही महिन्यांत गेल्या. रुग्णसेवा राहूनच गेली. सुझनला पदवीनंतर सव्वीस वर्षं मिळाली.

१८८९मध्ये वर्गात पहिली येऊन ती माळावर परतली. आता डॉ. सुझन. बाराशेहून अधिक माणसं, साडेतीन हजार चौरस किलोमीटरचा मुलूख, आणि डॉक्टर त्या एकट्याच. हाडं गोठवणाऱ्या थंडीत कधी घोड्यावरून, कधी बग्गीतून जायचं. दुखणं दाखवून झालं की लोक कागद पुढे करायचे: जमिनीचा करार, सरकारचं पत्र. जमीन ओमाहांच्या नावावर, पण विकायची तर परवानगी सरकारची. ते कागदही त्याच वाचून दाखवायच्या, उत्तरंही त्याच लिहायच्या. रात्री खिडकीत कंदील ठेवायच्या, आजाऱ्याला अंधारात घर सापडावं म्हणून.

दारू, क्षय, माश्या, सगळ्यांच्या तोंडाला लागणारा पाण्याचा एकच पेला: या सगळ्यांशी त्या झगडल्या. १९१०मध्ये जमिनीचं गाऱ्हाणं घेऊन लोकांनी त्यांनाच वॉशिंग्टनला धाडलं. १९१३मध्ये वॉल्टहिल गावी इस्पितळ उभं राहिलं, सरकारचा एक पैसा न घेता.

दोनच वर्षांनी त्या गेल्या. अंत्यविधीतली शेवटची प्रार्थना एका ओमाहा वृद्धानं म्हटली. ओमाहा भाषेत.