व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्पसनच्या हृदयाचं काय झालं

माँ व्हाँतू हा फ्रान्सच्या दक्षिणेचा डोंगर. उंची साधारण १९०० मीटर, वरचा भाग सगळा उघडाबोडका, पांढऱ्या चुनखडीचा, ना झाड ना सावली. १३ जुलै १९६७ला टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा तेरावा टप्पा मार्सेयहून निघून इथून जाणार होता आणि त्या दिवशी उन्हाने कहर केला होता.

टॉम सिम्पसन, इंग्लंडचा, वय फक्त २९. १९६५चा वर्ल्ड चॅम्पियन, टूरमध्ये आघाडीवर असणाऱ्याला मिळणारी पिवळी जर्सी घालणारा पहिला ब्रिटिश. शर्यतीत त्याचं पोट बिघडलं होतं, अंगात पाणी कमी, वरून त्या काळी शर्यतीत पाणी किती घ्यायचं यावरही बंधनं होती. शिखर दीडेक किलोमीटरवर असताना त्याची सायकल नागमोडी जायला लागली आणि तो पडला, टीमच्या लोकांनी उचलून परत बसवला, तो थोडं अंतर गेला आणि पुन्हा कोसळला, हँडलवरची पकड मात्र सुटत नव्हती. टूरचे डॉक्टर पिएर द्यूमा यांनी तोंडाने श्वास दिला, छाती दाबली, हेलिकॉप्टरने आव्हिन्योंच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, पण तो वाचला नाही. जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या नळ्या होत्या. रक्तात अ‍ॅम्फेटामिन नावाचं उत्तेजक औषध सापडलं, अल्कोहोल पण.

तेव्हापासून वाद चालू आहे, उन्हाने गेला की गोळ्यांनी. माझ्या मते हे दोन वेगळे करताच येत नाहीत, कारण अ‍ॅम्फेटामिन नेमकं हेच करतं. शरीर दमलं, तापलं की मेंदू सांगतो, बस, थांब. ती सूचना हे औषध दाबून टाकतं. घाट चढताना गाडीचा टेम्परेचरचा काटा झाकून टाकायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहायचं, तसं. इंजिनाची ताकद वाढत नाही, ते तापतंय हे फक्त कळत नाही.

आत काय होतं ते बघा. अ‍ॅम्फेटामिनमुळे मज्जातंतूंच्या टोकांमधून नॉरअ‍ॅड्रेनालिन, म्हणजे शरीराला चेव आणणारं रसायन, भरमसाट बाहेर पडतं. पल्स वाढते, बीपी वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात. कातडीखालच्या आकसल्या की अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्या आकसल्या तर अजून वाईट, म्हणजे काम दुप्पट मागायचं आणि ऑक्सिजन कमी द्यायचा, त्यात रक्तही लवकर गोठायला लागतं. म्हणून पंचविशीतल्या, ब्लॉकेज वगैरे काही नसलेल्या पोरालाही हार्ट अटॅक येऊ शकतो. ठोके बिघडले तर मिनिटांत जीव जातो. बीपी एकदम उसळलं तर मेंदूत रक्तस्राव होतो, क्वचित महाधमनीचा आतला पदर फाटतो. आणि हे सगळं पहिल्याच वेळेला पण होऊ शकतं, त्यासाठी व्यसनी असावं लागत नाही.

दुसरं नुकसान हळूहळू होतं आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं हृदय फुगतं, भिंती कमजोर होतात, पंपिंग घसरतं. तिशी-पस्तिशीतला माणूस जिना चढताना धापा टाकतो, आडवं झालं की दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात, आणि घरचे म्हणतात वजन वाढलंय तुझं. फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिन्यांचंही प्रेशर वाढतं. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत १९६५च्या सुमारास अ‍ॅमिनोरेक्स नावाची वजन कमी करायची गोळी आली होती, अ‍ॅम्फेटामिनच्याच जातीची. दोन-तीन वर्षांत फुप्फुसांच्या या आजाराचे पेशंट अचानक वाढले, १९६८मध्ये गोळी बंद झाली, मग कुठे पेशंट कमी झाले.

आता आपल्याकडे. मुंबई, पुणे, नाशिकला ज्याला एमडी म्हणतात, म्याव म्याव म्हणतात, ते मेफेड्रोन त्याच घराण्यातलं आहे आणि हृदयावर जोर तसाच पडतो. २०१५ला ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आलं, तरी फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीमधून शेकडो किलो पकडलंच. पार्टीत रात्रभर नाचायचं, पाणी प्यायचं नाही, बंद गरम हॉल, वर दारू, म्हणजे सिम्पसनच्या अंगावर त्या दिवशी जे जे होतं ते जवळपास सगळंच. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या पोरांना अ‍ॅडरॉल ही अ‍ॅम्फेटामिनचीच गोळी माहीत असते. तिथे डॉक्टर एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासासाठी, बीपी आणि हृदयाची हिस्ट्री बघून ती देतात, तो भाग वेगळा. पण परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटकडून गोळी मागून घेणं म्हणजे यातलं काहीच न बघता घेणं, आणि त्या औषधाच्या माहितीपत्रकातच गैरवापराने मृत्यू येऊ शकतो अशी वॉर्निंग असते.

छातीत दुखलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, छातीत फडफड होतेय, अंग भट्टीसारखं तापलंय, बोलणं अडखळतंय, तर गॅस झाला असेल म्हणून पडून राहू नका. १०८ला फोन करा. आणि डॉक्टरला काय घेतलंय, किती वाजता घेतलंय ते सरळ सांगा, पोलिसांची किंवा घरच्यांची भीती वाटली तरी सांगा, कारण नेहमीच्या हार्ट अटॅकमध्ये बिनधास्त दिली जाणारी काही औषधं, उदाहरणार्थ ठोके आणि बीपी कमी करणारे बीटा ब्लॉकर, इथे डॉक्टर जपून देतात. आधी मेंदू शांत करणारं इंजेक्शन, अंग थंड करणं, ईसीजी, असं चालतं. सोबतचा मित्र सांगू शकतो, तेवढ्यानेही फरक पडतो.

फुगलेल्या हृदयाचं काय, तर हृदयाची औषधं चालू ठेवून नशा पूर्ण थांबवली तर बऱ्याच जणांचं पंपिंग काही महिन्यांत सुधारतं, भिंतींमध्ये फार व्रण झाले नसतील तर जास्त सुधारतं, पण परत सुरू केलं तर परत घसरतं. सोडायला मदत हवी असेल तर पुण्यात १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि १४४४६ हा सरकारी नंबर फुकट आहे, देशात कुठूनही लागतो.