‘सध्या काय वाचताय?’ : फँटसी वाचकांच्या कट्ट्यावर दिलेलं व्याख्यान

मंडळी, नमस्कार.

फँटसी वाचणारी दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सध्या काय वाचताय? उत्तरात पुस्तकाचं नाव येतं, ‘भारी आहे, वाचाच’ येतं, आणि गाडी तिथेच थांबते. एखाद्या सामाजिक कादंबरीच्या बाबतीत एवढ्यावर निभावतं. फँटसीत निभावत नाही. इथे पुस्तक एकटं नसतं, मालिका असते. तिचा वाचायचा क्रम असतो. शिवाय त्या जगात काय चालतं आणि काय चालत नाही, हे हळूहळू उलगडणं हाच वाचनाचा निम्मा आनंद असतो. म्हणून या साध्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला शिकावं लागतं, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

पहिली गोष्ट, आपण नेमके कुठे आहोत ते सांगणं. समजा कुणी म्हणालं, ‘मी रॉबर्ट जॉर्डनची व्हील ऑफ टाइम वाचतोय.’ ही मालिका १९९० ते २०१३ या काळात आली. चौदा खंड, शिवाय पूर्वकथेचा एक वेगळा. जॉर्डन २००७ मध्ये वारले, आणि शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी पुरे केले. आता सांगणारा बाराव्या खंडात आणि शेजारी बसलेला चौथ्या खंडात असेल, तर सांगणाऱ्याच्या तोंडून सहज निघालेलं ‘ती राणी झाल्यावर’ एवढंही ऐकणाऱ्याचे आठ खंड नासवतं. म्हणून आधी मालिका, मग खंड, मग प्रकरण.

पान क्रमांक सांगू नका, प्रकरणाचा सांगा. आवृत्तीगणिक पानं बदलतात, प्रकरणं बदलत नाहीत. ई-रीडरवरचे टक्के तर फारच फसवे. टॉल्कीन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडात गोष्ट संपल्यावर परिशिष्टंच शेकडाभर पानांची आहेत. ‘अजून बरंच बाकी आहे’ अशा समजुतीत वाचणाऱ्यासमोर अचानक वंशावळी आणि दिनदर्शिका येऊन उभ्या राहतात. त्या लेखकाने फार प्रेमाने रचल्या आहेत आणि सवडीने वाचण्याजोग्या आहेत. फक्त गोष्ट कुठे संपते ते आधी माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट, किती सांगायचं. माझा नियम सोपा आहे : मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पंचमांशापलीकडचं काही सांगायचं नाही. तुम्ही नवव्या खंडात असलात तरीसुद्धा. एवढ्यात काय सांगता येणार, असं वाटेल. पण अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाबद्दल असं सांगता येतं, बघा :

‘अर्थसीचं पहिलं पुस्तक वाचतेय, १९६८ चं. एकूण दहा प्रकरणं, मी सहाव्यात आहे. जग सगळं बेटांचं. त्यातल्या गोंट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आईवेगळा पोरगा आहे. मावशीच्या तोंडून ऐकलेल्या दोन-चार ओळी तो शेळ्यांसमोर म्हणून बघतो. शेळ्या धावत येतात आणि त्याला घेरतात, आणि आता त्यांना सोडवायचं कसं हे त्याला ठाऊक नसतं. या जगात जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं. माणसालाही खरं नाव असतं, ते लपवून ठेवतात. लढाया फार नाहीत, संवाद थोडे, भाषा जुन्या आख्यानासारखी संथ. पुस्तक लहान आहे, दोन-तीन दिवसांत होईल.’

हे बोलायला मिनिटभर लागतं. यात ठिकाण आलं, जगाचा एक नियम आला, डोळ्यांपुढे उभं राहील असं पहिल्या प्रकरणातलं एक चित्र आलं, चाल कशी आहे ते आलं आणि किती वेळ काढावा लागेल तेही आलं. पुढे त्या पोराचं काय होतं, यातलं अक्षरही फुटलं नाही. शेळ्यांचा प्रसंग मी मुद्दाम निवडला. सुरू करता येणं आणि थांबवता न येणं, ही त्या पुस्तकाची गाठ आहे, आणि ती लेखिकेने पहिल्या काही पानांतच शेळ्यांच्या कळपात दाखवून ठेवली आहे. असा प्रसंग शोधा. बहुतेक चांगल्या फँटसीत सुरुवातीला तो असतोच.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला खऱ्या नावाची गोष्ट लगेच पोचते. पत्रिकेतलं नावरसाचं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, हे आपल्या घरांत चालत आलेलंच आहे. असा धागा सापडला तर जरूर जोडा. पण ओढूनताणून नको. एल्फना, म्हणजे टॉल्कीनच्या कथांतल्या त्या माणसासारख्या पण अमर जमातीला, यक्ष म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात कुबेर आणि मेघदूत उभं राहतं, आणि टॉल्कीनचे एल्फ दिसेनासे होतात. ड्रॅगनला ड्रॅगनच राहू द्या. ‘मांत्रिक’ म्हटलं की लिंबू-मिरची आणि अंगारा आठवतो, ‘जादूगार’ म्हटलं की रंगमंचावरचा खेळ. अशा वेळी शब्द शोधत बसण्यापेक्षा क्रिया सांगावी. सँडरसन यांच्या मिस्टबॉर्नमधल्या जादूचं इंग्रजी नाव सांगून कुणाला काही कळत नाही. त्यापेक्षा असं म्हणा : ‘काही माणसं धातूचे कण गिळतात आणि पोटात जाळतात. कथील जाळलं की डोळे-कान तीक्ष्ण होतात. लोखंड जाळलं की आसपासचा धातू आपल्याकडे ओढता येतो, पोलाद जाळलं की दूर ढकलता येतो. मात्र समोरची वस्तू आपल्यापेक्षा जड असली तर ती हलत नाही, आपणच ओढले किंवा ढकलले जातो.’ हे शेवटचं वाक्य सोडू नका. त्या पुस्तकातल्या मारामाऱ्यांची सगळी गंमत त्याच नियमावर उभी आहे.

भाषांतर वाचत असाल तर तेही सांगा. टॉल्कीननी भाषांतरकारांसाठी नावांचं एक टिपण लिहून ठेवलं होतं : कोणत्या नावांचा अर्थ आपल्या भाषेत आणायचा आणि कोणती जशीच्या तशी ठेवायची. मराठीत हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या नावात ‘परीस’ आला, तो मला फार आवडतो. लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्याकडे होताच, त्याला नवीन नाव घडवावं लागलं नाही.

आता क्रमाबद्दल. यात चूक झाली तर पुस्तक वाचूनही हातून गेल्यासारखं होतं. सी. एस. लुइस यांच्या नार्नियाची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली. ‘मॅजिशियन्स नेफ्यू’ हे प्रकाशनात सहावं, पण त्यातली गोष्ट सर्वांत आधी घडते, म्हणून हल्लीच्या संचांवर त्याला पहिला क्रमांक दिलेला असतो. संचावरचे आकडे पाळणारा वाचक त्यापासून सुरू करतो, आणि प्रकाशनात पहिल्या असलेल्या पुस्तकातला, कपाटातून बर्फात पाऊल पडण्याचा धक्का हुकतो, कारण पलीकडे काय आहे ते त्याला आधीच कळलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे : प्रकाशनाचा क्रम. व्हील ऑफ टाइमच्या पूर्वकथेचंही तेच. ती दहाव्या खंडानंतर पुस्तकरूपाने आली, आणि ती हातात घ्यायची घाई करू नये. पहिल्या खंडात जी माणसं गूढ वाटायला हवीत ती पूर्वकथेत उघडी पडतात.

टॉल्कीनच्याच ‘हॉबिट’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांच्यात एक बारीक खाच आहे. ‘हॉबिट’ १९३७ चं, नंतरचे तीन खंड १९५४-५५ चे. पहिल्या खंडाच्या आरंभी जी प्रस्तावना आहे तिच्यात अंगठी कशी सापडली हे सांगून टाकलंय. ‘हॉबिट’ आधी वाचायचं नसेल, तर ती प्रस्तावना ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर जावं.

टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्डच्या एकेचाळीस कादंबऱ्या आहेत. तिथे ओळीने जायची गरज नाही. चेटकिणींची रांग वेगळी, शहरातल्या पहारेकऱ्यांची वेगळी, मृत्यू नावाच्या पात्राची वेगळी. कोणत्या रांगेतली कितवी चालू आहे, एवढं सांगितलं की झालं.

मालिका पुरी झालीय की नाही, हेही पहिल्याच दमात सांगायचं. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला, सहावा आलेला नाही. हे न सांगता कुणाच्या हातात पहिला खंड देणं बरोबर नाही. त्या मालिकेत आणखी एक अडचण आहे : चौथा आणि पाचवा खंड बराचसा एकाच काळात घडतो, माणसं मात्र ठिकाणांनुसार वाटून दिली आहेत. चौथा उघडला की कितीतरी लाडकी पात्रं गायब असतात आणि वाचक गोंधळतो. ‘ती पाचव्यात आहेत’ असं आधी कुणी सांगितलं, तर चौथा खंड त्याच्या स्वतःच्या गुणांवर वाचला जातो.

आता अडकण्याबद्दल, कारण कट्ट्यावर सर्वांत उपयोगी माहिती तीच असते आणि लोक ती सांगायला लाजतात. ‘सोडून दिलं’ हेही उत्तर आहे. फक्त कुठे सोडलं आणि का, ते सांगा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये पुष्कळ जण एलरॉन्डच्या सभेशी अडतात. ते प्रकरण लांबलचक आहे आणि त्यात फक्त बोलणं आहे. कोण कुठून आलं आणि कशाची बातमी घेऊन आलं, एवढ्या दोन गोष्टी कागदावर टिपत वाचलं की ते पार होतं आणि पुढचा सगळा प्रवास कळतो. व्हील ऑफ टाइमचा दहावा खंड रेंगाळतो, कारण त्याचा मोठा भाग नवव्याच्या शेवटच्या घटनेच्या आगेमागेच घुटमळतो. हे ठाऊक असलेला वाचक तो भरभर काढतो. ठाऊक नसलेल्याला वाटतं की आपलंच लक्ष उडालंय.

स्टीव्हन एरिकसन यांच्या मलाझन मालिकेचा पहिला खंड वाचकाला काहीही न समजावता युद्धाच्या ऐन मध्यात नेऊन सोडतो. सुरुवातीला पात्रांची लांब यादी आहे, ती पाठ करू नका. वहीचं एक पान घ्या, त्यावर तीन रकाने आखा : नाव, कोणत्या गटातला, कोणत्या प्रकरणात प्रथम दिसला. पहिल्या भेटीलाच नोंद करायची, नंतर भर घालत बसायचं नाही. पानावर वीसेक नावं झाली की गट आपोआप दिसू लागतात. पाचव्या प्रकरणापासून गोष्ट दारुजिस्तान नावाच्या शहरात येते आणि माणसं एका जागी सापडू लागतात. म्हणून सोडायचं की नाही हे सातव्या प्रकरणानंतर ठरवा, आधी नको.

नावं इंटरनेटवर शोधू नका, ही कळकळीची विनंती. एखादा कोण हे विसरलात आणि त्याचं नाव टाकलंत, तर पहिल्याच ओळीत तो कुणाच्या हातून मेला ते लिहिलेलं असतं. कधी कधी शोधाच्या खिडकीत नुसतं नाव टाकताच पुढचे शब्द आपोआप येतात आणि घात होतो. वही यासाठीच. नकाशाचंही तसंच. ई-रीडरवर तो अस्पष्ट दिसतो, म्हणून त्याची एक छापील प्रत काढून पुस्तकात ठेवावी. ऑडिओबुक चालू असेल तर नावांचं स्पेलिंग कळत नाही, तेव्हा वहीत कानाला ऐकू येतं तसंच देवनागरीत लिहा. इंग्रजी स्पेलिंगपेक्षा ते पटकन ओळखूही येतं.

आणि कट्ट्यावर दर वेळी एकाने तरी मराठी पुस्तक आणावं. आपली कादंबरी बाळपणी अद्भुतातच खेळली आहे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. त्या वाचणाऱ्यानेही हेच सांगावं : कितव्या प्रकरणात आहे, भाषा कुठे जड जाते, आणि पहिल्या पंचमांशातलं एक चित्र.

वेळेचा हिशेब असा : दहा माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं बोलणं आणि दोन मिनिटं प्रश्न, म्हणजे पन्नास मिनिटं. उरलेल्या वेळात पुस्तकांची देवघेव. पुस्तक उसनं देताना मुखपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी घालायची. त्यावर मालिकेतला क्रमांक, मालिका पुरी की अपुरी, कुठे रेंगाळते ते प्रकरण आणि कोणतं परिशिष्ट शेवटपर्यंत उघडायचं नाही ते, एवढंच लिहायचं. घेणाऱ्याने परत करताना त्याच चिठ्ठीच्या पाठीवर, आपण कुठे थांबलो किंवा कुठपासून पुस्तक हातातून सुटेना, त्या प्रकरणाचा आकडा टाकायचा.